कुलूप काढा, मग पैसे मागा

मॅडम, नमस्कार.

मी भोसरीत पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक कॉम्प्युटर) प्रोग्रॅमिंग आणि कंट्रोल पॅनेलची कामं घेतो. नऊ वर्षं एका पॅनेलवाल्याकडे नोकरी केली, 2021 मध्ये स्वतःचं सुरू केलं. उद्यम नोंदणी तेव्हाचीच आहे, जीएसटी आहे, हाताखाली दोन वायरमन आहेत.

चाकणच्या एका कंपनीने त्यांच्या जुन्या ड्रिलिंग-टॅपिंग मशीनचं रेट्रोफिट मला दिलं. रिलेचं जंजाळ काढून पीएलसी आणि एचएमआय (ऑपरेटरसमोरचा स्क्रीन) बसवायचा. पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) 4,60,000 अधिक जीएसटी. 30 टक्के अ‍ॅडव्हान्स, 40 टक्के पॅनेल पोचल्यावर, 30 टक्के कमिशनिंगनंतर, म्हणजे मशीन चालू करून दिल्यावर. पहिले दोन हप्ते आले. कमिशनिंग होऊन चार महिने झाले. प्रॉडक्शनच्या सुपरवायझरने सर्व्हिस रिपोर्टवर सही केली आहे, मशीन तिन्ही शिफ्ट चालू आहे. शेवटचे 1,38,000 आणि त्यावरचा जीएसटी मात्र अडकलाय. पूर्ण बिल मी पॅनेल पाठवतानाच दिलं होतं, त्याला साडेपाच महिने होतील. जीएसटी मी खिशातून भरून बसलोय.

मधल्या काळात ‘एवढं जरा करून द्या’ म्हणत बारकोड स्कॅनर जोडून घेतला, एचएमआयवर तीन नव्या स्क्रीन करून घेतल्या, एक पोका-योके (चूक होऊ न देणारी सोय) टाकून घेतलं. त्याचे 64,000 मी वेगळे लावले तर पर्चेसवाले म्हणतात, पीओत नाही. कमिशनिंगनंतर अडीच महिन्यांनी मेल आला, की सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) 42 सेकंद ठरला होता, 47 येतोय, म्हणून पेमेंट होल्ड, शिवाय उशिराबद्दल एलडी, म्हणजे करारातला दंड, कापू. सुपरवायझर तोंडी म्हणाला, लाइट कर्टनचा (हात आत गेला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशपडद्याचा) इंटरलॉक काढा म्हणजे 42 येईल. मी नाही काढला. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. भेटायला गेलो तर दीड तास गेटवरच्या बाकावर.

आता खरी गोष्ट. कमिशनिंगच्या वेळीच मला अंदाज आला होता, म्हणून प्रोग्रॅममध्ये एक तारीख टाकून ठेवली आहे. त्या दिवशी सकाळी पीएलसीतून मोटर-व्हॉल्व्हना जाणारे हुकूम, म्हणजे मशीनचे सगळे आउटपुट बंद पडतील. पासवर्ड फक्त माझ्याकडे. आज 19 दिवस उरलेत. आमच्या धंद्यात हे बरेच जण करतात. बायको म्हणते, काढून टाका, रात्रीची झोप गेलीय तुमची. मित्र म्हणतात, काढलंस तर एक रुपया मिळणार नाही. त्यातच कंपनी म्हणते, दुसऱ्या मशीनची ऑर्डरही तुम्हालाच द्यायची आहे, आधी हे निस्तरा. काय करू?

एक कंत्राटदार, भोसरी

*

नमस्कार.

बायकोचं ऐका. 19 दिवस कशाला, याच आठवड्यात ते काढा. पैसे कसे काढायचे ते पुढे सविस्तर लिहिते, पण आधी कुलूप.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘सगळे आउटपुट बंद पडतील.’ मशीन तुम्ही हाताळलंय, तेव्हा मला सांगा, जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, धरणाऱ्या क्लॅम्पचा व्हॉल्व्ह सिंगल सोलेनॉइड आहे की डबल? जुन्या मशीनवर पुष्कळदा सिंगलच असतो, स्प्रिंगने मागे येणारा. म्हणजे आउटपुट गेला की क्लॅम्प सुटला. आता ती सकाळ डोळ्यांसमोर आणा. ड्रिल जॉबच्या आत आहे. मोटरचा सप्लाय गेला तरी स्पिंडल काही क्षण फिरतच राहतं. क्लॅम्प उघडला, जॉब ड्रिलबरोबर गरकन फिरला. समोर पहिल्या पाळीचा पोरगा उभा आहे, बहुधा तोही कोणातरी ठेकेदाराचाच. लाइट कर्टन आत गेलेला हात ओळखतो, बाहेर उडालेला तुकडा नाही. सुपरवायझरला तुम्ही ज्या कारणासाठी ‘नाही’ म्हणालात, त्याच कारणासाठी स्वतःलाही म्हणा.

बरं, समजा कोणाला खरचटलंही नाही. तरी त्या दिवशी काय होईल ते मी सांगू शकते. पिंपरी-चिंचवडमध्ये 24 वर्षं मी पर्चेसच्या खुर्चीत होते. लाइन बंद पडली की चार महिने न सापडणारे साहेब दहा मिनिटांत सापडतात. मेंटेनन्सवाला लॅपटॉप लावतो. पासवर्ड अडला तर बाहेरून तुमच्याच धंद्यातला एखादा बोलावला जातो, आणि तो तुमच्यापेक्षा वाईट प्रोग्रॅमर असला तरी ‘हे मुद्दाम पाडलंय’ एवढं सांगण्याइतपत चांगला असतोच. त्या क्षणी तुम्ही पैसे थकलेले पुरवठादार उरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 यातली कॉम्प्युटरची व्याख्या इतकी रुंद आहे की पीएलसी तिच्यात आरामात बसतो. मालकाच्या परवानगीशिवाय त्यात बिघाड घडवला तर कलम 43 खाली नुकसानभरपाई, आणि अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘माझे पैसे दिले नाहीत’ हा त्यावरचा बचाव नाही, उलट हेतूचा पुरावा आहे. कंपनीचा वकील तुमचे पैसे मागणारे सगळे मेल आनंदाने फाइलला लावेल.

हे फक्त आपल्याकडचं भय नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मन्रोव्हिल गावी सीमेन्स कंपनीच्या कार्यालयात एक कंत्राटी प्रोग्रॅमर होता. इलेक्ट्रिकल सामानाच्या ऑर्डरी सांभाळायला त्याने स्प्रेडशीट बनवल्या होत्या, आणि ठरावीक तारखेनंतर त्या बिघडाव्यात अशी सोय आत करून ठेवली होती. बिघडल्या की कंपनी त्यालाच बोलवायची, तो येऊन तारीख पुढे ढकलायचा. 2016 मध्ये नेमका तो गावाला गेलेला असताना काम अडलं, त्याला पासवर्ड द्यावा लागला, आणि आतली तारीख उघडी पडली. 2019 च्या जुलैमध्ये त्याने गुन्हा कबूल केला, डिसेंबरमध्ये सहा महिन्यांची कैद झाली. तेव्हा तो साठी ओलांडलेला माणूस होता.

‘बरेच जण करतात’ हे मला ठाऊक आहे. पण त्यातले जे शहाणे आहेत ते उघडपणे करतात, हा फरक लक्षात घ्या. कोटेशनमध्ये ओळ असते, की अंतिम पेमेंट होईपर्यंत प्रोग्रॅमचा परवाना तात्पुरता आहे, अमुक तासांपुरता. पर्चेसने ते वाचून पीओ काढलेली असते. एचएमआयवर पंधरा दिवस आधीपासून सूचना दिसते. आणि मुदत संपली की मशीन चालू सायकल पूर्ण करून, होमला, म्हणजे मूळ जागी येऊन, फक्त पुढची सायकल घेत नाही. मधेच आउटपुट तोडत नाही. पुढच्या कामात असं करायचं असेल तर करा, वकिलाकडून शब्द तपासून घेऊन. या कामात ती वेळ गेली.

काढायचं कसं? मेंटेनन्सच्या इंजिनियरला मेल करा, की प्रोग्रॅममध्ये बदल करायचा आहे आणि अद्ययावत बॅकअप द्यायचा आहे, रविवारच्या शटडाउनमध्ये दोन तास द्या. एकटे जाऊन गुपचूप करू नका, त्याला शेजारी बसवा. काढा, मशीन चालवून दाखवा, बॅकअप त्याच्या हातात द्या, सर्व्हिस रिपोर्टवर त्याची सही घ्या. रिपोर्टमध्ये काय लिहायचं? वकील म्हणेल, कमीत कमी लिहा. ते बरोबरच आहे, आणि रविवारच्या आधी एक तास वकिलाकडे घालवाच, त्याची फी तुम्हाला परवडेल. माझं म्हणणं एवढंच, की खोटं काही लिहू नका. ‘वेळेवर अवलंबून असलेलं लॉजिक काढलं, चालू प्रोग्रॅमची प्रत दिली’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. ‘बग दुरुस्त केला’ असं लिहिलंत तर उद्या तोच कागद तुमच्या विरुद्ध उभा राहील.

मेंटेनन्सवाल्याला बॅकअप देऊन टाकायचा म्हणजे हातातला हुकमी पत्ता गेला, असं तुमचे मित्र म्हणतील. मला उलट वाटतं. त्या कंपनीत तुमचा एकच नैसर्गिक मित्र आहे आणि तो मेंटेनन्समध्ये बसतो. रात्री दोन वाजता मशीन अडलं की बोलणी त्याला बसतात. पासवर्डवाला प्रोग्रॅम ही त्याच्या मानेवरची सुरी आहे. ती तुम्ही काढलीत तर पुढच्या मीटिंगमध्ये ‘प्रोग्रॅममध्ये काही खोट नाही साहेब’ हे वाक्य तो म्हणेल, आणि तुम्ही शंभरदा म्हणण्यापेक्षा ते त्याने एकदा म्हटलेलं बरं.

आता पैसे.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते, अभिमानाने नव्हे. आमच्याकडे ब्लोअरचं बॅलन्सिंग करणारा एक गृहस्थ यायचा. त्याचं 41,000 चं बिल सात महिने पडून होतं. तो दर पंधरा दिवसांनी फोन करायचा, मी दरवेळी ‘बघते’ म्हणायचे, आणि खरंच बघायचे. सिस्टिममध्ये त्याच्या पीओसमोर रक्कम शून्य दिसायची. मला वाटायचं प्रॉडक्शनचा काही वाद असेल. वाद काहीच नव्हता. माल आला की स्टोअर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करतं, पण सर्व्हिसचं काम स्टोअरमध्ये येत नाही. त्याची सर्व्हिस एंट्री, म्हणजे काम झाल्याची सिस्टिममधली नोंद, ज्याने काम करून घेतलं त्या विभागाने करायची असते, आणि तिथल्या ज्या माणसाने करायची तो बदलून गेला होता. सात महिने त्या माणसाचे पैसे कोणीच अडवले नव्हते, आणि तरी ते अडले होते. शेवटी तो गेटवरून निरोप ठेवून निघून गेला, की यापुढे बोलवू नका. चांगला कारागीर गेला, आमचा ब्लोअर नंतर दुसऱ्या कोणाला नीट जमला नाही.

तेव्हा पहिला प्रश्न ‘पैसे कधी देता’ हा नको. ‘माझ्या पीओची सर्व्हिस एंट्री झाली आहे का, कोणाकडे थांबली आहे?’ हा हवा. तुम्ही ‘कंपनी’ ‘कंपनी’ म्हणताय, पण तुमचं भांडण तीन वेगवेगळ्या टेबलांशी आहे. प्रॉडक्शनला 42 सेकंद हवेत. पर्चेसला फाइल बंद करायची आहे, जमल्यास चार टक्के कापून, म्हणजे वर्षअखेरीला बचत दाखवता येते. आणि अकाउंट्सला यातलं काहीच माहीत नाही. तुम्ही आजवर फक्त पहिल्या दोघांशी बोललात. तिसऱ्याकडे जा, कारण कायद्याची भीती त्याच टेबलाला वाटते.

का वाटते ते सांगते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा आहे. तुमची उद्यम नोंदणी या कामाच्या आधीची आहे, हे फार बरं झालं. नंतर केलेली नोंदणी चालते का, यावर कोर्टात किस पाडला जातो. या कायद्याखाली तुमचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. पीओच्या मागे ‘90 दिवस’ छापलेलं असलं तरी 45 च. आणि स्वीकारलं म्हणजे काय, तेही कायद्यात आहे: काम पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं धरतात. तुमच्याकडे सही केलेला सर्व्हिस रिपोर्ट आहे. त्यांची हरकत अडीच महिन्यांनी आली. तो मेल तुम्हाला धमकी वाटली, मला मात्र तो तुमच्या बाजूचा कागद दिसतो. जपून ठेवा, छापूनही ठेवा.

45 दिवसांनंतर व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. फेब्रुवारी 2023 पासून दोन वर्षं तो दर 6.75 टक्के होता, म्हणजे व्याज सव्वावीस टक्के. त्यानंतर दर उतरले आहेत, तरी कोणत्याही कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला हा आकडा गोड लागत नाही. त्यात 1 एप्रिल 2024 पासून आयकरातली तरतूद आली, की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, उत्पन्नातून वजा करता येत नाही. शिवाय 45 दिवसांवर थकलेल्या अशा देण्यांचा तपशील कंपन्यांना दर सहा महिन्यांनी सरकारला कळवावा लागतो. आणि जीएसटी वेगळाच: बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर न दिलेल्या रकमेवर घेतलेलं इनपुट क्रेडिट (बिलातल्या जीएसटीची मिळालेली वजावट) त्यांना व्याजासह परत भरावं लागतं. तुमच्या बिलाला साडेपाच महिने झाले म्हणता. मोजा, दोनेक आठवडेच उरले असतील. त्या 19 दिवसांपेक्षा हे दोन आठवडे तुमच्या जास्त कामाचे आहेत.

मेल साधा लिहा. पर्चेसला पाठवा, अकाउंट्सच्या प्रमुखाला प्रत:

‘आपल्या अमुक पीओनुसार कमिशनिंग अमुक तारखेला पूर्ण झालं. सही केलेला सर्व्हिस रिपोर्ट सोबत आहे. त्यानंतर 15 दिवसांत आपली लेखी हरकत आलेली नाही. आम्ही उद्यम-नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहोत, प्रमाणपत्र सोबत आहे. आमचे 1,62,840 रुपये जीएसटीसह थकीत असून 45 दिवसांची मुदत संपली आहे. बिलाला अमुक तारखेला 180 दिवस होतील. सर्व्हिस एंट्रीची सद्यस्थिती कळवावी आणि अमुक तारखेपर्यंत पेमेंट करावं.’

एवढंच. ‘आम्हा गरिबावर अन्याय’ नको, ‘कोर्टात खेचू’ नको. मी अशी दोन्ही प्रकारची पत्रं वर्षानुवर्षं वाचली आहेत. पहिली वाचून हळहळ वाटायची आणि पान उलटायचं, दुसरी थेट लीगलला जायची आणि मग दोन वर्षं परत यायची नाहीत. हालचाल व्हायची ती तारखा आणि रक्कम नेमकी लिहिलेल्या पत्राने.

नाहीच हलले तर केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. तो थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जातो, तिथे आधी समेट, नाही झाला तर लवाद. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. पोर्टलवर अर्ज पडला की बऱ्याच कंपन्या तिथेच तडजोडीला येतात, कारण दीड लाखासाठी डायरेक्टरच्या नावाने नोटीस कोणाला नको असते. पण हे औषध जपून. ते घेतल्यावर दुसऱ्या मशीनची ऑर्डर विसरायची. शिवाय समोरचा वकील ‘हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (सामान आणि काम एकत्र असलेलं कंत्राट) आहे, याला हा कायदा लागत नाही’ असं म्हणू शकतो, मुंबई उच्च न्यायालयाचे वर्क्स कॉन्ट्रॅक्टबाबत तसे निकाल आहेत. पॅनेलचं सामान आणि प्रोग्रॅमिंगची सेवा बिलात वेगवेगळी दाखवली असेल तर तुमची बाजू बळकट. वकिलाकडे जाल तेव्हा हेही विचारा.

आता 47 सेकंदांचं बघू, कारण प्रॉडक्शनचं तोंड त्याशिवाय बंद होणार नाही. पीओत 42 लिहिलंय का? की कोटेशनच्या आधीच्या एखाद्या बैठकीत कोणी बोललं होतं? लिहिलं नसेल तर मुद्दा निम्मा संपला. लिहिलं असेल तर सेकंद कुणाचे किती ते वेगळे करा, आणि याचा साक्षीदार तुमच्याच पीएलसीत बसलाय. सीक्वेन्सच्या प्रत्येक स्टेपला किती वेळ लागला ते रजिस्टरमध्ये साठवा आणि एचएमआयवर दाखवा. क्लॅम्प, रॅपिड, ड्रिल फीड, रिट्रॅक्ट, टॅप, अनक्लॅम्प, आणि ऑपरेटरने जॉब काढून दुसरा लावून बटण दाबेपर्यंतचा वेळ. रविवारी त्याच भेटीत, मेंटेनन्सला विचारून, करून टाका. तीन स्क्रीन त्यांना फुकट दिल्याच आहेत, चौथी स्वतःसाठी करा. आठवडाभराचे आकडे आले की दिसेल, की प्रोग्रॅमचा स्वतःचा वेळ मिलिसेकंदांत आहे. बाकीचे सेकंद जुन्या स्लाइडमध्ये आहेत, फ्लो कंट्रोलमध्ये आहेत, लोडिंगमध्ये आहेत. आमच्या शॉपमध्ये शेजारचं शॉट ब्लास्टिंग सुरू झालं की हवेचा दाब 6 बारवरून साडेचारवर यायचा आणि प्रत्येक सिलिंडर रेंगाळायचा. दोन वर्षं सगळे इलेक्ट्रिकलवाल्याला शिव्या घालत होते.

आणि लाइट कर्टनबद्दल सुपरवायझर जे तोंडी बोलला ते लेखी करून घ्या. म्हणजे तुम्हीच मेल टाका: ‘आपण अमुक दिवशी सांगितल्याप्रमाणे इंटरलॉक काढणं सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नाही, म्हणून तो बदल केलेला नाही.’ सेफ्टी ऑफिसरला प्रत. बघा, तो विषय पुन्हा निघणार नाही.

64,000 ची गोष्ट वेगळी, आणि इथे तुम्ही चुकलात. वाईट वाटून घेऊ नका, निम्मी भोसरी इथेच चुकते. समोरचा ‘एवढं जरा’ म्हणतो, आपल्याला तोंडावर नाही म्हणवत नाही, आणि नंतर बिल लावताना आपल्यालाच चोरट्यासारखं वाटतं. भिडेपोटी केलेल्या कामालाही कायद्यात जागा आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 70 म्हणतं, की फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा समोरच्याने लाभ घेतला तर त्याने मोबदला द्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्कॅनर कधी जोडताय’ असे निरोप असतीलच, ते काढून ठेवा. पण हा दावा पहिल्याइतका पक्का नाही, म्हणून दोन्ही एकाच मेलमध्ये घालू नका. नाहीतर पर्चेसवाला वादातल्या 64,000 चं कारण दाखवून बिनवादाचे 1,38,000 सुद्धा अडवेल. मी तेच केलं असतं. आधी ते येऊ द्या. मग पीओ अमेंडमेंट (ऑर्डरमध्ये दुरुस्ती) मागा, आणि 64 चे 45 मिळाले तर घेऊन मोकळे व्हा. उरलेली शिकवणीची फी समजा.

एलडीचा फार बाऊ करू नका. उशीर कोणामुळे झाला हे त्यांना दाखवावं लागेल. मशीन प्रॉडक्शनमधून मोकळं करून तुमच्या ताब्यात कधी दिलं, त्या तारखेचा मेल किंवा गेटपास शोधा. रेट्रोफिटमध्ये उशीर बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

सोर्स प्रोग्रॅम कुणाचा, असा प्रश्न आज ना उद्या निघेल. तुम्ही नोकर नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहात, त्यामुळे कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी करून दिलेलं नसेल तर प्रोग्रॅमचे पहिले मालक तुम्हीच. त्यांना आपलं मशीन चालवायचा आणि दुरुस्त करायचा हक्क आहे. तोच प्रोग्रॅम उचलून दुसऱ्या चार मशीनवर टाकायचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. पण आधी पीओच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ‘सर्व ड्रॉइंग, सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं’ अशी ओळ तिथे असते, मीच कित्येक पीओवर छापून घेतली आहे, आणि 24 वर्षांत एकाही कंत्राटदाराने तिच्यावर बोट ठेवलं नाही.

राहिली दुसऱ्या मशीनची ऑर्डर. ते गाजर आहे का? थोडंसं. पण तुमचं मशीन तिन्ही शिफ्ट चालतंय आणि इंटरलॉक काढायला तुम्ही नाही म्हणता, हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे गरजही खरी असणार. पहिल्याचे पैसे खात्यात येईपर्यंत कोटेशन देऊ नका, ‘कमर्शियल अटी ठरवतोय’ म्हणा. मग द्याल तेव्हा शेवटचा हप्ता 30 वरून 10 टक्क्यांवर आणा आणि तो कमिशनिंगशी किंवा पॅनेल पोचल्यापासून 60 दिवसांशी जोडा, यातलं जे आधी होईल ते. सायकल टाइममध्ये ‘ऑपरेटरचा वेळ आणि यांत्रिक भाग वगळून’ हे शब्द घाला. जादा कामाचा दिवसाचा दर आधीच लिहून ठेवा, म्हणजे ‘एवढं जरा’ आलं की ‘हो साहेब, दीड दिवस, मेल टाका’ असं हसत म्हणता येतं. बिलही टप्प्याटप्प्याने द्या. न आलेल्या पैशांवरचा जीएसटी खिशातून भरायची वेळ पुन्हा येऊ देऊ नका.

रविवारी जाल तेव्हा लॅपटॉपची गेटवरच्या रजिस्टरमध्ये सिरियल नंबरसकट नोंद करून घ्या आणि आत जातानाच रिटर्नेबल गेटपासवर शिक्का मारून घ्या. रविवारी सिक्युरिटीची माणसं वेगळी असतात, निघताना अडवलं तर सोडायला साहेब सोमवारी येतात.